अस्सल, नक्कल आणि तबकडी : घरातील जुन्या व्हिडिओ कॅसेटींविषयी

ज्या 1982 साली 26 ऑगस्टला जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्या देशात रंगीत दूरचित्रवाणीचा प्रवेश झाला, आणि तिच्या मागोमाग व्हीसीआर हे यंत्र प्रथम रात्रीच्या भाड्याने व पुढे ऐपतदारांच्या घरी मालकीने येऊ लागले. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत वडसा, ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी, चामोर्शी, राजुरा अशा गावांतील शूटिंगवाल्यांनी खांद्यावर जड कॅमेरे वाहून जे जे टिपले, म्हणजे लग्नातील अक्षता, दिवाळीनंतरची मंडई, शंकरपटात उधळलेल्या बैलजोड्या, पहाटेपर्यंत चाललेले झाडीपट्टीचे नाटक, क्वचित अहेरी-भामरागडकडील एखाद्या गावातले रेला नृत्य, ते सारे आज व्हीएचएस कॅसेटींतील अर्धा इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर, लोखंडी पेटीत किंवा कौलारू घराच्या माळ्यावर पडून आहे.

या कॅसेटी तबकडीवर उतरवून घेण्याची इच्छा बहुतेक घरांत कधी ना कधी होते, आणि मग कॅसेट जवळच्या स्टुडिओत रवाना होते. दोन दिवसांनी चकचकीत डीव्हीडी हाती येते. पण ती लावून पाहावी तो वधूचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत, मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काळे चौकोन वळवळत असलेले आणि वरात झटके खात चाललेली. घरचे लोक एक सुस्कारा टाकून निकाल देतात की, कॅसेटच जुनी झाली होती. पुष्कळदा हा निकाल अन्यायाचा असतो. फितीवर जे शिल्लक असते त्याचा मोठा हिस्सा ती वाजविणाऱ्या यंत्रात, यंत्रापासून संगणकापर्यंतच्या तारेत आणि अखेरीस तीन तासांचा मजकूर एका तबकडीत कोंबण्याच्या अट्टहासात गमावला जातो. म्हणून माझे सांगणे एवढेच की, फितीवरून संगणकात उतरवून घेतलेले पहिले चित्र हाच यापुढे आपला अस्सल दस्तऐवज होय, आणि डीव्हीडी ही त्याची पाहण्यासाठी व नातलगांना वाटण्यासाठी काढलेली नक्कल होय. ही दोन कामे निरनिराळी आहेत. स्टुडिओवाला ती एकाच खटक्यात उरकतो, आणि तेथेच नुकसानीला आरंभ होतो.

कामाला हात घालण्यापूर्वी ऋतूचा विचार करावा. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण ज्या चिकट द्रव्याने बसविलेले असतात, त्याचे दोन शत्रू म्हणजे उष्णता आणि दमट हवा. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर चढतो, तर त्यानंतरच्या चार महिन्यांत गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कपड्यांनासुद्धा बुरशी धरते. कॅसेट उघडण्यास, वाजविण्यास व उतरविण्यास सर्वांत योग्य काळ पौषाचा. हवा कोरडी व थंड असते, आणि पौषात लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे एरवी दाद न देणारा शूटिंगवाला या दिवसांत निवांत असतो व शांतपणे चार गोष्टी ऐकून घेतो. पावसाळ्यात हे काम तहकूब ठेवावे.

प्रत्येक कॅसेट यंत्रात घालण्याआधी उजेडात धरून तिच्या खिडकीतून दोन्ही गुंडाळ्या नीट पाहाव्यात. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी व ती कॅसेट कोणत्याही कारणास्तव चालू यंत्रात घालू नये; कारण बुरशीचे कण यंत्राच्या वाचक-टोकांवर बसतात व पुढे लावलेल्या प्रत्येक निरोगी कॅसेटीला लागण करतात. अशी कॅसेट वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह काही आठवडे कोरडी होऊ द्यावी, मग नाका-तोंडाला फडके बांधून मोकळ्या हवेत मऊ कुंचल्याने कडा झाडाव्यात, आणि शक्य तर ती या कामाच्या माहितगाराकडेच द्यावी. चंद्रपूर, घुग्गुस, दुर्गापूर व बल्लारपूर भागातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी: कोळशाची बारीक धूळ झाकणाच्या फटीतून आत शिरते आणि फितीवर ओरखडे काढते, म्हणून कॅसेटीचे झाकण उघडण्यापूर्वी ती बाहेरून पुसून घ्यावी. पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेट उन्हात वाळविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. वैनगंगेच्या 2020 सालच्या ऑगस्टअखेरच्या पुरानंतर कित्येक घरांतील चीजवस्तू अंगणात उन्हाला घातल्या गेल्या. भांड्याकुंड्यांना ते मानवते, फितीला मानवत नाही. गाळ शुद्ध पाण्याने धुऊन काढावा, सावलीत वाऱ्यावर निथळू द्यावे, आणि पूर्ण कोरडी झाल्याखेरीज ती फिरवू नये.

एवढी खातरजमा झाली की, कॅसेटीच्या पाठीवरील लहानशी प्लास्टिकची खूण मोडून टाकावी, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही मुद्रित होण्याची भीती राहत नाही. त्यानंतर फीत एकदा अखेरपर्यंत पुढे व पुन्हा आरंभापर्यंत मागे गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षे एकाच ताणाखाली पडून राहिलेली फीत त्यामुळे समान ताणाने बसते आणि चित्राची थरथर पुष्कळ कमी होते.

आता यंत्राचा विषय, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. कारण सर्व खर्चात किफायतीचा खर्च हाच. व्हीसीआरमध्ये एक धातूचे नळकांडे सेकंदाला पंचवीस फेरे या वेगाने फिरत असते, आणि त्याच्या कडेवर बसविलेली सूक्ष्म टोके फितीवरील तिरकस रेघा वाचतात. ही प्रत्येक रेघ आपल्याकडच्या पाल पद्धतीत मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे 49 मायक्रॉन रुंद असते. इतक्या बारीक रेघेवरून टोक किंचित जरी सरकले, तरी चित्राच्या वर-खाली पांढऱ्या ठिणग्या उडू लागतात. म्हणून प्रत्येक कॅसेटीसाठी ट्रॅकिंगची कळ फिरवून चित्र स्वच्छ होईल तेथे ती स्थिर करावी आणि मगच उतरविण्यास आरंभ करावा. एका कॅसेटीला मानवलेली जागा दुसरीला मानवेलच असे नाही. टोके मळली असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेले मऊ चामडे नळकांड्यावर अलगद टेकवून धरावे व नळकांडे हाताने आडवे फिरवावे. चामडे वर-खाली घासले की टोक तुटते, आणि कापसाच्या काडीचे तंतू त्यात अडकतात. तुटलेल्या टोकाला आता वाली नाही: व्हीसीआर बनविणारी जगातील अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016 सालच्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. म्हणून नागपूरच्या सीताबर्डीत किंवा आपल्या तालुक्याच्या ठिकाणी जुने टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करणारा एखादा वयस्क कारागीर हयात व हौशी असेल, तर त्याच्याकडून यंत्र आजच साफ व तपासून घ्यावे. युनेस्को व ध्वनि-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 2019 साली चुंबकीय फितींविषयी इशारा देणारा एक उपक्रम हाती घेतला, त्याचेही कारण हेच, की फीत शिल्लक राहील, पण ती वाजविणारे यंत्र व यंत्र जाणणारा माणूस राहणार नाही.

यंत्र निवडताना शक्य तर एस-व्हीएचएस जातीचे मिळवावे. साध्या कॅसेटीवरदेखील प्रकाशाचा आणि रंगाचा संकेत मुळात वेगवेगळा नोंदलेला असतो. साधे यंत्र मात्र पिवळ्या टोकाच्या एकाच तारेतून दोन्ही एकत्र करून बाहेर काढते, आणि संगणकाला ते पुन्हा विलग करावे लागतात. या जोडण्या-तोडण्यात साडीच्या काठाभोवती सरपटणारे ठिपके व पसरलेला लाल रंग निर्माण होतो. एस-व्हिडिओच्या चार काट्यांच्या तारेतून दोन्ही संकेत विलगच जातात व हे संकट टळते. अँटेनाच्या तारेतून चित्र घेण्याचा जुना शिरस्ता तर पूर्णपणे सोडून द्यावा. काही एस-व्हीएचएस यंत्रांत टाइम बेस करेक्टर नावाचे अंग असते; ताणलेल्या किंवा आकसलेल्या फितीमुळे ज्या आडव्या रेषा डावी-उजवीकडे डुलतात, त्यांना ते ओळीत आणते. ते नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर व संगणक यांच्या मध्ये नुसता वाहक म्हणून जोडल्यास पुष्कळदा तेच काम होते. त्या रेकॉर्डरवर काही मुद्रित करावयाचे नसते. चित्र त्यातून केवळ पार होऊ द्यावयाचे असते.

कोणती कॅसेट निवडावी, हाही प्रश्न लहान नाही. लग्नानंतर स्टुडिओने जी कॅसेट आपल्या हाती दिली ती बहुधा 'मिक्सिंग' केलेली, म्हणजे कॅमेऱ्यातील फितीवरून दुसऱ्या व कधी तिसऱ्या फितीवर उतरलेली असते. प्रत्येक उतारणीत बारकावे झडतात व रंग घसरतात. (त्या मिक्सिंगमध्ये वधूच्या मुखाभोवती हृदयाकृती चौकट आणि मागे चित्रपटगीत घालण्याची जी हौस होती, तिच्यामुळे मांडवातले खरे आवाज, मंगलाष्टके म्हणणाऱ्या मामाचा सूर, आजीचे हाक मारणे, कायमचे पुसले गेले, ही हळहळ वेगळीच.) तेव्हा जुन्या स्टुडिओकडे मूळ फितीची चौकशी अवश्य करावी. पुष्कळ ठिकाणी ती दुसऱ्या लग्नासाठी पुन्हा वापरली गेली असेल. पण दहांतून एकाच्या कपाटात ती निघाली, तरी विचारल्याचे सार्थक झाले. नात्यात एकाच लग्नाच्या अनेक प्रती असतील, तर सर्व मागवून प्रत्येकीची पाच मिनिटे शेजारी शेजारी पाहावीत आणि सर्वांत स्वच्छ प्रत मुक्रर करावी.

संगणकात चित्र घेताना ते शक्यतो न दाबता घ्यावे. 720 गुणिले 576 बिंदूंचे, सेकंदाला पंचवीस चौकटींचे निखळ चित्र तासाला सुमारे 75 गिगाबाइट जागा खाते. परंतु हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही1 यांसारख्या बिननुकसान पद्धतींनी एकही बारकावा न गमावता तेच साधारण 25 ते 35 गिगाबाइटमध्ये बसते. व्हर्च्युअलडब हा त्यासाठीचा विनामूल्य प्रोग्राम जुना असला तरी विश्वासू आहे. आवाज 48 किलोहर्ट्झवर, न दाबलेल्या स्वरूपात घ्यावा. बाजारात काही शेकड्यांत मिळणाऱ्या यूएसबी दांड्या हे काम करण्याचा दावा करतात. त्यांतील बऱ्याच मधूनमधून चौकटी गाळतात, आणि मग तासाभराने ओठ एकीकडे व शब्द दुसरीकडे अशी अवस्था होते. उतरवून झाल्यावर गळालेल्या चौकटींचा आकडा प्रोग्राम दाखवितो. तो वाढलेला दिसला तर ती उतारणी रद्द समजून पुन्हा घ्यावी. विजेच्या बाबतीत आपल्या भागाला विशेष सावधगिरी हवी. चित्रावर सावकाश वर चढणारे आडवे पट्टे दिसले, तर दोष फितीचा नसून बहुधा इन्व्हर्टरचा किंवा लॅपटॉपच्या चार्जरचा असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, आणि व्हीसीआर हलक्या इन्व्हर्टरवर न लावता लाइन स्थिर असेल अशा वेळी, बहुधा उत्तररात्री किंवा भल्या पहाटे, काम करावे.

स्टुडिओवाल्याच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक यापुढची. आपल्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांनी बनते, एक विषम रेषांचे व एक सम रेषांचे. आणि ती दोन अर्धी चित्रे एकाच क्षणाची नसून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने मागेपुढे असतात. संगणकाच्या पडद्यावर ही चौकट पाहिली म्हणजे हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, ते दोष म्हणून पुसण्याकरिता अर्धी चित्रे फेकून दिली जातात, आणि सेकंदाला पन्नास हालचालींच्या जागी पंचवीस उरतात. आजोबा खुर्चीवर बसून आशीर्वाद देत असतील तेथे हे कोणाला कळणारही नाही. पण रेला नृत्यातील एकतालात पडणारी पावले किंवा पटात सुटलेली बैलजोडी यांच्यात ही निम्मी गती हरवली की सारा प्राणच जातो. म्हणून अस्सल उतारणीत चित्र जसेच्या तसे, दोन अर्ध्या चित्रांसह ठेवावे. डीव्हीडी हे रूप बिनतक्रार स्वीकारते, आणि टीव्हीवर ते नीट दिसते. फक्त कोणते अर्धे चित्र आधी, हा क्रम चुकू देऊ नये, नाही तर प्रत्येक हालचाल पुढे-मागे धक्के खाते. मोबाइलवर पाठविण्यासाठी वेगळी प्रत करावयाची असेल, तर ती सेकंदाला पन्नास चौकटींची करून घ्यावी.

आता तबकडी. एका थराच्या डीव्हीडीत 4.7 गिगाबाइट मावतात, आणि तिच्यावर चित्राला सेकंदास जास्तीत जास्त 9.8 मेगाबिट एवढी मुभा आहे. 8 मेगाबिटचा दर ठेवला तर सव्वा तास मिळतो. तीन तासांची ई-180 कॅसेट अखंड कोंबली तर दर साडेतीनपर्यंत खाली येतो. उन्हात घेतलेल्या वरातीला तो एक वेळ चालेल. रात्रीच्या नाटकाला मुळीच नाही. झाडीपट्टीचे नाटक घ्या. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव, उघड्या मैदानात, मोजक्या दिव्यांच्या उजेडात ते रात्रभर चालते, आणि त्या काळच्या कॅमेऱ्याने अंधाराशी झगडून टिपलेल्या चित्रावर दाणेदार कणांचा सतत पाऊस पडत असतो. चित्र दाबणाऱ्या गणिताला हे कण म्हणजे दर क्षणी बदलणारा नवा मजकूर वाटतो. ते टिपण्यातच सारा दर खर्ची पडतो आणि नटाच्या चेहऱ्यासाठी काही उरत नाही. अशा कॅसेटीला अंकाअंकाने दोन-तीन तबकड्या द्याव्यात. तसे करणे परवडत नसेल तर एक सन्माननीय तडजोड आहे: डीव्हीडीच्या नियमांत 352 गुणिले 576 बिंदूंचे अर्ध्या रुंदीचे चित्रही मान्य आहे, आणि व्हीएचएस कॅसेटीवर आडवा बारकावा मुळातच सुमारे 240 रेषांपुरता असल्यामुळे त्यात फारसे काही बुडत नाही, उलट कमी दरात तेच चित्र स्वच्छ दिसते. ही गोष्ट स्टुडिओत सांगितली तर प्रथम अविश्वासाने पाहिले जाते. दोन्ही करून शेजारी लावून दाखविण्यास सांगावे.

कोरी तबकडी नावाजलेल्या कंपनीची घ्यावी, यंत्राच्या कमाल वेगाच्या निम्म्या वेगाने लिहावी आणि लिहून झाल्यावर पडताळून घ्यावी. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये, मधल्या पारदर्शक भागावर पाण्याच्या शाईने लिहावे. साध्या लिहित्या डीव्हीडीतील रंगद्रव्य उष्णतेने व उजेडाने खराब होते, आणि पत्र्याच्या छपराखालचे चंद्रपूरचे कपाट हे त्याच्या दृष्टीने भट्टीच होय. म्हणून ती आतल्या थंड खोलीत, उभी, डबीत ठेवावी. अस्सल उतारणीच्या मोठ्या फाइली डीव्हीडीत मावत नाहीत. त्यांच्यासाठी ब्लू-रे तबकडी, त्यातही सेंद्रिय रंगाऐवजी अजैव थर वापरणारी एम-डिस्क, चांगली; पण तिच्यासोबत दोन हार्ड डिस्का असाव्यात, आणि त्यांतील एक पूर-वाळवी-विजेच्या टप्प्याबाहेर, नागपूर किंवा पुण्यातील नातलगाकडे असावी. 2005 च्या सुमारास आधीच करून घेतलेल्या स्वस्त डीव्हीडी घरात असतील तर त्या प्रथम संगणकात उतरवून घ्याव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या कॅसेटीआधी मरतात.

इतर जातींविषयी थोडक्यात. मिनीडीव्हीच्या लहान कॅसेटीवर चित्र आधीच अंकांत असते. ते फायरवायर तारेने तासाला सुमारे 13 गिगाबाइट या हिशेबाने जसेच्या तसे घ्यावे, पिवळ्या तारेने कदापि नव्हे. अमेरिकेतील नातलगांनी पाठविलेल्या कॅसेटी एनटीएससी पद्धतीच्या असतात. त्या बहुपद्धती यंत्रावर लावाव्यात व त्यांचे चित्र 480 रेषांचेच राहू द्यावे.

'जुने लग्न फोर-केमध्ये करून देतो' अशा जाहिराती हल्ली दिसतात. कृत्रिम बुद्धीचा तो प्रोग्राम नसलेले बारकावे कल्पनेने भरतो, आणि मग आजीच्या चेहऱ्यावर कोणा अनोळखी बाईची हनुवटी येते. हौसेसाठी एक प्रत करून पाहण्यास हरकत नाही. अस्सल फाइलीला मात्र हात लावू देऊ नये.

उतारणी चालू असतानाच एक वही घेऊन फेरिस्त लिहावी: कोणत्या मिनिटाला कोण दिसते, कोणाचे गाव कोणते, नाटक कोणत्या कंपनीचे, गाणे गोंडी की माडिया. घरातील वयस्क माणसांना शेजारी बसवावे, कारण ही नावे त्यांच्याखेरीज कोणाकडेही नाहीत. गावाचे नाव लिहिताना दोन्ही रूपे नोंदावीत. रेल्वे स्टेशन वडसा आणि तालुका देसाईगंज, हे पन्नास वर्षांनी परगावच्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. फाइलीचे नाव सालाने सुरू करावे, म्हणजे ओळ आपोआप लागते.

मूळ कॅसेट टाकू नये. पूर्ण गुंडाळून, भरलेली गुंडाळी खाली येईल अशी उभी, ध्वनिक्षेपकांपासून दूर ठेवावी. ज्या कॅसेटीवर नाटक, दंडार, खडी गंमत किंवा रेला यांसारखे लोककलेचे काही आहे, तिची एक प्रत गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला किंवा 1982 सालापासून लोकसंगीताच्या ध्वनि-चित्रफिती जतन करणाऱ्या गुरुग्रामच्या (गुडगाव) एआरसीई या संग्रहालयाला हवी आहे काय, अशी पत्राने विचारणा करावी. पत्रात सन, गाव, भाषा, मिनिटे आणि फाइलीचा प्रकार कळवावा, आणि नाटक असल्यास लेखकाची व कंपनीची लेखी संमती आधी घेऊन तिची नक्कल सोबत जोडावी.